मागच्या सीटवर बसणाऱ्यांना कुणी विचारलंय का?

गोव्यातल्या ढवळी-फोंड्याहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. थोडक्यात देते.

“घरात मी, यजमान, मुलगा आणि 78 वर्षांच्या सासूबाई. आमची मारुती 800 आहे, 2006 ची. यजमानांचा तिच्यावर फार जीव. 2021 मध्ये पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) करून घेतलं, ते 2026 ला पुन्हा करायचंय. मुलगा वेर्ण्याला कंपनीत आहे, पगार 45 हजार. त्याला सनरूफवाली मोठी एसयूव्ही हवी आहे, सोळा लाखांची. बारा लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी काढतो म्हणतो. यजमान वर्षभरात निवृत्त होतील. पाऊस ओसरला की कोल्हापूरला महालक्ष्मी आणि जोतिबा करायचं ठरलंय आणि त्यावरून घरात रोज भांडण. हे म्हणतात 800 मस्त जाते, मुलगा म्हणतो त्या डब्यातून मी येणार नाही. सासूबाईंना घाटात उलट्या होतात. त्या दशम्या करून घ्यायच्या म्हणतात, मुलाला त्याची लाज वाटते, त्याला ढाब्यावर जेवायचंय. मी दोघांच्या मध्ये. मला लायसन मिळून चौदा वर्षं झाली, पण गाडी कधी हातात घेतली नाही. कुणाची बाजू घेऊ?”

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट टोचली. चार पानांत यजमान काय म्हणतात आणि मुलगा काय म्हणतो ते आहे. गाडीत मागे बसणाऱ्या दोघींना, म्हणजे तुम्हाला आणि सासूबाईंना, कशी गाडी हवीय याबद्दल एक ओळ नाही. सासूबाईंच्या उलट्या तुम्ही लिहिल्यात, पण एक अडचण म्हणून. म्हणून मी यजमानांची बाजू घेणार नाही आणि मुलाचीही नाही. मी मागच्या सीटवरून उत्तर देणार आहे.

आमचं डिचोलीला गॅरेज होतं. हात काळे करायचे ते आमच्या ह्यांनी, वही मी सांभाळायची, तीस वर्षं. त्या वहीत कुणाच्या गाडीला काय झालं ते असायचंच, त्याशिवाय कुणाचा हप्ता थकला, कुणी गाडी विकायला काढली, हेही माझ्या कानावर यायचं. त्यामुळे मी जे सांगते ते पुस्तकातलं कमी आणि त्या वहीतलं जास्त आहे.

आधी 800 चं. यजमानांना तिचं प्रेम का वाटतं ते मला पुरतं कळतं. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली. तोवर मध्यमवर्गाच्या घरात गाडी म्हणजे अँबेसेडर नाहीतर फियाट, तीही नंबर लावून वाट बघितल्यावर. या 796 सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनानं लहान घरांना पहिल्यांदा स्वतःच्या दारातून चवथीला गावी नेलं. 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, तरी आजही आमच्या भागात ती बाजाराच्या गल्लीतून पाण्यातल्या माशासारखी जाते. सुटे भाग मिळतात आणि कुठलाही जाणता मेकॅनिक तिला डोळे मिटून उघडतो. तिला डबा म्हणणं मलाही आवडत नाही. तुमच्या मुलाला शाळेत सोडणारी गाडी तीच असणार.

पण प्रेम वेगळं आणि घाट वेगळा. यजमानांना न दुखावता एक काम करा. रविवारी सकाळी ऊन आलं की ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला, तिच्याखालचा गालिचाही वर करा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं पत्रा दाबून बघा. आपल्याकडे चार महिने पाऊस, वर्षभर दमट खारी हवा. ओल्या चपलांचं पाणी गालिच्याखाली मुरतं आणि पत्रा आतून खात जातं. वरून रंग चकचकीत असतो. आमच्याकडे अशी एक 800 आली होती, मालकानं आठवड्यापूर्वीच पॉलिश केलेली. ह्यांनी क्लचच्या पेडलाखाली टोक टेकवलं आणि ते सरळ खाली जमिनीला लागलं. मालक काही बोलला नाही, नुसता त्या भोकाकडे बघत राहिला. टोक टणटण वाजलं तर उत्तम. भुसभुशीत लागलं, पापुद्रे सुटले, तर त्या गाडीत सासूबाईंना बसवून घाट चढू नका. मग त्यावर वाद घालायची गरज उरणार नाही, यजमानांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

पत्रा ठणठणीत निघाला तरी दोन गोष्टी राहतात. एक, तिच्यात एअरबॅग नाही, एबीएस नाही. एबीएस आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना 1 एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं. घाटात ओल्या वळणावर समोरून अचानक ट्रक आला आणि ब्रेक दाबला की चाकं जाम होऊन गाडी घसरते. एबीएस असलं की ब्रेक दाबून ठेवूनही स्टिअरिंग वळतं. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटलंय की साध्या पेट्रोलसाठी बनवून नंतर 10 टक्के इथेनॉलला जुळवून घेतलेल्या चारचाकीचं मायलेज यानं 6 ते 7 टक्के घटू शकतं. पैशांपेक्षा मला काळजी रबराची वाटते. जुन्या गाड्यांचे पेट्रोलचे पाइप आणि सील या मिश्रणासाठी केलेले नसतात, ते फुगतात, कडक होतात, चिरतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी पाइप बदलून घ्या. खर्च किरकोळ आहे.

आणि पासिंग. दिल्लीत जुन्या गाड्यांवर बंदी आहे हे ऐकून यजमान घाबरले असतील तर सांगा, तो नियम तिकडचा. आपल्याकडे गाडी तपासणीत उतरली की पुढची पाच वर्षं मिळतात. मात्र 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं 20 वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरणाचं शुल्क 5,000 वरून 10,000 केलं. दहा हजार भरून आणखी पाच वर्षं फोंडा-ढवळी-कवळे एवढंच फिरायचं असेल तर हरकत नाही. शांतादुर्गेला जायला, बाजार आणायला ती ठेवा. माझं म्हणणं इतकंच की कोल्हापूरला तिच्यातून जाऊ नका.

आता मुलाकडे येते, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण मला खरी भीती याच गोष्टीची वाटते.

बारा लाख, सात वर्षं, व्याज नऊ टक्के धरलं तर हप्ता साधारण 19,300 होतो. 45 हजारांच्या पगारात. सात वर्षांत सव्वाचार लाखांच्या आसपास नुसतं व्याज जातं. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. त्याच काळात यजमानांचा पगार थांबणार, मुलाचं लग्न होणार आणि सासूबाईंची औषधं वाढणार.

2012 च्या सप्टेंबरात आपल्याकडच्या खाणी बंद पडल्या. तेव्हा डिचोली, साखळी, वाळपई या पट्ट्यात घराघरासमोर खनिज वाहणारे टिपर ट्रक उभे राहिले. महिन्याला इतका धंदा नक्की, म्हणून लोकांनी कर्ज काढून घेतलेले. आमच्या गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत अकरा टिपर होते, मालक म्हणायचे, “वहिनी, आठ दिवस राहू दे, सुरू झालं की नेतो.” पावसाळा गेला, टायरांच्या बाजूनं गवत वर आलं, एका टिपरच्या हौद्यात पपईचं रोप उगवलं. त्यातले चार टिपर अखेर ओढून नेले. 2018 मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या तेव्हा काही घरांत तेच पुन्हा. ती माणसं उधळी नव्हती. आज आहे तो पगार सात वर्षं असाच येत राहील असं त्यांनी धरलं होतं, तुमचा मुलगाही तेच धरून चाललाय. त्याला हे सांगा. माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

त्याची हौस चुकीची नाही. सत्ताविसाव्या वर्षी मोठ्या गाडीची हौस नसेल तर कधी असणार? आणि आजच्या गाड्या खरंच चांगल्या झाल्या आहेत. 2018 च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. त्यानंतर शोरूममध्ये लोक मायलेजबरोबर ताऱ्यांचंही विचारू लागले. 2023 च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशाचीच भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. मी याला फार मोठी गोष्ट मानते. “कितना देती है” या एकाच प्रश्नावर गाड्या खपवणारा आपला बाजार “किती वाचवते” इथवर आला. तुमचा मुलगा सुरक्षिततेसाठी मोठी गाडी हवी म्हणत असेल तर त्याला हे दाखवा: तारे मोठेपणाला मिळत नाहीत. टाटा पंच ही चार मीटरच्या आतली गाडी, तिलाही पाच तारे आहेत. 2024 च्या नव्या डिझायरलाही.

चार मीटरवरून आठवलं. 2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं अबकारी शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणलं, आणि लहान म्हणजे चार मीटरच्या आत, अशी व्याख्या झाली. तेव्हापासून आपल्या कंपन्या गाडी इंचटेपनं मोजून बनवतात. काही गाड्यांची डिकी मागून कापल्यासारखी दिसते ना, ती त्या सवलतीत बसण्यासाठी. आजही तीच गंमत आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी 18 टक्के आहे, त्याहून मोठीवर 40. ब्रेझा लांबीला चार मीटरच्या आत आहे, पण इंजिन 1462 सीसी, म्हणून ती 40 मध्ये जाते. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन 1199 सीसी, ती 18 मध्ये. मुलाला शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारायला सांगा, ही गाडी कुठल्या जीएसटीत बसते. सरकारनं लहान गाडीला एवढी सूट दिली असताना 40 टक्क्यांच्या गाडीसाठी कर्ज काढणं मला पटत नाही.

सनरूफचं मी स्पष्ट सांगते, आपल्या हवेत ती नको. मे महिन्यात डोक्यावर काच आणि खाली एसी पूर्ण जोरात, असं कशाला? तरुण मुलं तिच्यातून अंग बाहेर काढून उभी राहतात, पणजीच्या पुलांवर मी पाहिलंय, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. त्याच पैशात मागच्या सीटला एसीची जाळी असलेलं मॉडेल मिळत असेल तर ते घ्या. घाटात मळमळणाऱ्या माणसाला तोंडावर गार वारा हवा असतो.

आणि गाडी बघायला जाल तेव्हा सासूबाईंना बरोबर न्या. शोरूमवाला मुलाला ड्रायव्हरच्या जागी बसवेल, स्क्रीन दाखवेल, गाणं लावेल. तुम्ही मागचं दार उघडा आणि सासूबाईंना बसायला सांगा. त्या कशा बसतात ते नीट बघा. 800 मध्ये म्हातारं माणूस धपकन खाली जातं आणि उठताना दार धरून स्वतःला ओढतं. मोठ्या एसयूव्हीत उलट, आधी पाय वर टाकून चढावं लागतं, साडीत तर फारच. बसायची गादी त्यांच्या कमरेच्या उंचीला असेल तर त्या पाठ टेकवून नुसत्या सरकतील आणि मग पाय आत घेतील. तीच तुमची गाडी. वॅगन आर, पंच, एक्स्टर असल्या उंच छपराच्या लहान गाड्यांत बहुतेक वेळा हे जमतं. किंमत किती, रंग कोणता, हे त्यानंतर.

नवीच हवी असंही नाही. 2022 आणि पुढची, एकाच मालकाची, सर्व्हिसचे कागद असलेली गाडी मला जास्त आवडेल, कारण तोवर पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग आणि एबीएस सगळ्या गाड्यांना सक्तीचे झाले होते. पाच लाख कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के, असं धरलं तर हप्ता 10,400 च्या आत बसतो आणि व्याज सव्वा लाखाच्या आसपास. जुनी घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. गाडी 2022 ची आणि टायर आधीच बदललेले, पण मीटर दाखवतोय वीस हजार, तर कुठेतरी पाणी मुरतंय. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, म्हणजे भाड्यानं फिरलेली गाडी पाटी बदलून विकायला आली असेल, तर मी तरी दुरून नमस्कार करीन.

नवी घेतलीत तर ऑन-रोडचा कागद ओळ न् ओळ वाचा. माझ्या भाचीसाठी आम्ही एका शोरूममध्ये गेलो होतो, तिथे “हँडलिंग” आणि “ॲक्सेसरी पॅक” मिळून 28 हजार लावले, आणि हे घेतल्याशिवाय गाडी लवकर मिळणार नाही म्हणाले. आम्ही मान डोलावून भरले. आजही त्याचा राग येतो, जास्त स्वतःचा. विमा बाहेरून घ्यायची मुभा आहे, मॅट आणि सीट कव्हर म्हापशाच्या बाजारात निम्म्या पैशात मिळतात. नाही म्हणा आणि उठून चालू लागा, मागून हाक येते.

आता कोल्हापूर आणि सासूबाई.

त्या उलट्यांवर बिनपैशाचा एक उपाय आहे, तो आजवर कुणी केला नसणार. त्यांना पुढे बसवा. आपल्या घरांतून पुढची सीट म्हणजे पुरुषांची, बायका मागे, म्हातारी सगळ्यात आत, हे ठरलेलंच. पण घाटात मळमळतं ते यामुळे की कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण वळतोय, झुलतोय, आणि डोळ्यांना समोर नुसती सीटची पाठ दिसते. दोन्हींचा मेळ बसत नाही. पुढे बसून रस्त्याकडे पाहिलं की वळण येण्याआधीच डोळ्यांना कळतं. सीट मागे सरकवा, पट्टा लावा, पट्टा मानेवर न येता खांद्यावरून जातोय ना ते बघा. गोळी द्यायची असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. त्या गोळ्यांनी गुंगी येते आणि या वयात बाकीची औषधंही चालू असतात. मागे तुम्ही आणि जो गाडी चालवत नसेल तो बसेल. पट्टा मागेही लावायचा असतो, नाहीतर हजार रुपये दंड.

रस्ता तुम्हाला जवळचा अनमोडचाच. फोंडा, तिस्क-उसगाव, धारबांदोडा, मोले, मग घाट, रामनगर, खानापूर, बेळगाव आणि पुढे निपाणीवरून कोल्हापूर. साधारण सव्वादोनशे किलोमीटर. निघण्याआधी घाट चालू आहे की दुरुस्तीला बंद, ते विचारून घ्या. सकाळी साडेसहाला घर सोडलंत तर बेळगावची भाजी घेऊन उतरणारे ट्रक बहुतेक होऊन गेलेले असतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा नियमच आहे, उतरताना तुम्ही थांबा. परतीला उतरताना यजमान न्यूट्रल करतील, मला खात्री आहे, त्यांच्या पिढीची ती सवय आहे. त्यानं पेट्रोल वाचतं हा समज जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातला. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळत राहतं. आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात, मग पाय दाबूनही गाडी थांबत नाही. चढताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

खाण्याचं भांडण मला यातलं सगळ्यात सोपं वाटतं, कारण दोघांचंही बरोबर आहे. घाट संपेपर्यंत सासूबाईंचं, घाट संपल्यावर मुलाचं.

निघताना पाव-पातळभाजी खायची सवय आपल्या सगळ्यांना असते. मलाही फोंड्यात गेल्यावर भाजीपाव आणि मिरची भजी खाल्ल्याशिवाय चैन पडत नाही. पण मोल्यानंतरची वळणं आणि पोटात तेलाचा तवंग, हे सासूबाईंना झेपणार नाही. अगदी उपाशी पोटीही नको. दशमी यासाठीच आहे. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंचं माहेर बेळगावचं, म्हणजे त्यांच्या हाताला ती येतच असणार. कणीक पाण्यात न मळता कोमट दुधात मळायची, थोडा गूळ विरघळवून, तुपाचा हात लावून. जरा जाडसर लाटून मंद आचेवर भाजायची, डाग पडू द्यायचे पण करपू द्यायची नाही. आणि मुख्य म्हणजे पूर्ण गार झाल्यावरच फडक्यात गुंडाळायची. गरम गुंडाळली की वाफ धरते आणि संध्याकाळपर्यंत तार येते. दुधातुपामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं, आल्याची वडी, बाटलीत कोकमाचं आगळ आणि मीठ घातलेलं पाणी. खोबऱ्याची ओली चटणी आणि भात गाडीत नेऊ नका. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी होते आणि हे दोन पदार्थ सगळ्यात आधी बिघडतात.

मुलाला लाज वाटते म्हणता. त्याला माझा एक अनुभव सांगा. एकदा अनमोडच्या वर आमची गाडी तीन तास अडली, पुढे ट्रक आडवा झाला होता. मागे पुढे सगळ्या गाड्यांतली पोरं रडायला लागली, कुणाकडे वेफरची पाकिटं, कुणाकडे तेही नाही. मी डबा उघडला तेव्हा पंधरा मिनिटांत तो रिकामा झाला, आणि शेवटची दशमी पुण्याच्या गाडीतल्या, केसाला जेल लावलेल्या एका मुलानं खाल्ली. त्यानं ती कशी करतात ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

रामनगर ओलांडलंत, सासूबाईंचा चेहरा ठीक दिसला, की मग पुढची सूत्रं मुलाच्या हाती द्या. ट्रकवाले जिथे जेवतात तिथे जेवा. तिथे अन्न शिळं राहायला वेळच मिळत नाही. तव्यावरून थेट ताटात येईल ते घ्या. कापून ठेवलेला कांदा, काकडी आणि हिरवी चटणी सोडा. कोल्हापुरात मिसळ खाताना कट वेगळा मागा, म्हणजे सासूबाईंना नुसती उसळ आणि पाव खाता येईल. सोमवार असेल तर तुमच्या घरी मटण नाही, तेव्हा तांबडा-पांढरा मुलासाठी दुसऱ्या दिवशी ठेवा. बेळगावचा कुंदा परतीला घ्या, जाताना नको, जोतिबाच्या चढाला तो गाडीत असला तर सगळे खात बसतील.

आणि बेळगाव येतंच आहे वाटेत, तर सासूबाईंच्या माहेरच्या गल्लीतून गाडी न्या. तुम्ही पत्रात हे माहेर फक्त दशम्यांच्या ओघात लिहिलंत. त्या लग्न होऊन याच घाटानं उतरल्या असणार, आणि तेव्हापासून दर खेपेला मागे बसून डोळे मिटून हा रस्ता त्यांनी ओलांडलाय. पुढे बसल्या तर कदाचित पहिल्यांदाच बघतील.

तुमचं लायसन राहिलं. चौदा वर्षं. ताई, सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच बोचलं. तुमच्या घरी एक 800 आहे, गल्लीत वळायला त्याहून सोपी गाडी जगात नसेल, आणि ती विकायची की ठेवायची यावर भांडण चाललंय. ठेवा, तुमच्यासाठी. पत्रा भक्कम निघाला तर दहा हजारांचं पासिंग करा, एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दहा दिवस पुन्हा जा, आणि सकाळी सहाला, बाजार जागा व्हायच्या आधी, ढवळीहून मर्दोळपर्यंत जाऊन म्हाळसेला नमस्कार करून परत या. पहिले आठ दिवस यजमानांना शेजारी बसू देऊ नका, ते पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहतील. मुलाला बसवा. वर्षभरात सासूबाईंना दवाखान्यात न्यायला तुम्हाला कुणाच्या सुट्टीची वाट बघावी लागणार नाही.

शोरूममध्ये सासूबाई मागच्या दारातून बसून काय म्हणाल्या, ते मला जरूर कळवा. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा.